कण्हेरीचे लाड करू नका, कात्री लावा

मागच्या अंकात या सदरात मी सहज एक ओळ टाकली होती, की ज्याच्या हाताला बागकाम लागतच नाही, ज्याच्याकडे तुळससुद्धा टिकत नाही, त्याने डोळे मिटून कण्हेर लावावी. झालं! महिनाभर नुसती कण्हेर कण्हेर चाललंय. कुणी फोटो पाठवले, कुणी विषारी झाड लावायला सांगता म्हणून रागावले, आणि निम्म्या लोकांचं म्हणणं असं की ताई, आमची कण्हेर जगतेय छान, पण फुलतच नाही. म्हणून यावेळी सगळी पानं कण्हेरीलाच दिलीत. जास्वंद आणि लिंबूवाल्यांनी जरा दम धरा, पुढच्या वेळी तुमचा नंबर.

ताई, दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून डबल गुलाबी कण्हेर आणली, तेव्हा जी चार फुलं होती तीच शेवटची. दहा इंची कुंडी आहे, पूर्वेची गॅलरी, रोज सकाळी पाणी घालते, पंधरा दिवसांनी गांडूळखत आणि महिन्यातून एकदा चिमूटभर युरिया पण देते. पानं इतकी हिरवीगार की बघत राहावं. पण फूल नाही. काय कमी पडतंय?
– वाचक, कोथरूड, पुणे

अगं, कमी काहीच पडत नाहीये, जास्त झालंय. युरिया म्हणजे नत्र, नत्राने पानं फुगतात, आणि झाडाला पोटभर मिळतंय म्हटल्यावर ते पानंच काढत बसतं. युरिया आजच बंद कर. गांडूळखत पण वर्षातून दोनदा मूठभर बास, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा थंडी सरताना.

आता दुसरी गोष्ट, आणि ही खरी. पूर्वेची गॅलरी म्हणजे सकाळी सात ते दहा ऊन, त्यातही समोर बिल्डिंग असेल तर तेवढंही नाही. कण्हेरीला निदान सहा तास थेट ऊन लागतं, रणरणतं असलं तरी चालतं, उलट तेच पाहिजे. सोसायटीच्या गच्चीवर ठेवायची परवानगी मिळाली तर तिथे ने, नाहीतर गॅलरीच्या सगळ्यात बाहेरच्या कठड्याजवळ सरकव. सावलीत कण्हेर मरत नाही, वर्षानुवर्षं हिरवी राहते, त्यामुळे आपल्याला वाटतं की तिचं बरं चाललंय, पण ती नुसती दिवस काढत असते.

तिसरी गोष्ट कात्री. कण्हेरीची फुलं नवीन फुटीच्या शेंड्यावर येतात. दोन वर्षं छाटलीच नसशील तर शेंडे मोजून चार-पाच असतील, मग फुलं येऊन येऊन येणार किती. जानेवारी संपता संपता प्रत्येक फांदी एक तृतीयांश कमी कर. कण्हेरीची पानं बहुतेक तीन-तीनच्या जोडणीने येतात, बघ नीट, एका पेऱ्यावर तीन पानं. त्या पेऱ्याच्या जरा वर कापलंस की प्रत्येक पानाच्या बगलेतून एक डोळा फुटायचा चान्स असतो, म्हणजे एका शेंड्याचे दोन-तीन शेंडे. ते वीतभर वाढले की चिमटीने परत टोक खुड. मार्च-एप्रिलपासून झुपके दिसायला लागतील.

आणि हो, दहा इंची कुंडी लहानच. चौदा ते सोळा इंची घे, खाली भोकं मोकळी आहेत ना बघ, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. पाणी बोट घालून बघून घालायचं, वरची दोन इंच माती सुकली असेल तरच. कोणत्या वारी घालायचं याचा काही नियम नाही.

माझी स्वतःची पहिली कण्हेर मी पाण्यानेच मारली हे इथे कबूल करून टाकते. कुंडीखाली ताटली ठेवली होती, फरशी खराब होऊ नये म्हणून, आणि पावसाळाभर ती ताटली भरलेली. पानं पिवळी पडली तर मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी अजून घातलं. ऑगस्टमध्ये उपटून बघितली तर मुळांचा चिखल झालेला, वास मारत होता. तेव्हापासून आमच्या घरात एकाही कुंडीखाली ताटली नाही, फरशी खराब झाली तर झाली.

पण ताई, कण्हेर तर हायवेच्या मधल्या पट्ट्यात कुणी पाणी न घालता वाढते. मग कुंडीत तिला आठवडाभर पाणी नाही दिलं तर माझी माना का टाकते? तुम्हीच म्हणता काटक आहे.
– वाचक, नवीन पनवेल

मस्त प्रश्न आहे हा, आणि याचं उत्तर कळलं की कण्हेरीचं अर्धं शास्त्र कळलं.

कण्हेर मूळची कुठली, तर भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशापासून ते इकडे आपल्यापर्यंत. तिथे ती रानात उगवते ती ओढ्यांच्या आणि कोरड्या नद्यांच्या पात्रात. पावसात त्या पात्रातून लोंढा येतो, मग आठ-नऊ महिने नुसते दगडगोटे. वरून ठणठणीत कोरडं, पण खाली खोल ओल असते आणि कण्हेरीची मुळं त्या ओलीपर्यंत जातात. म्हणजे ती पाण्यावाचून जगते असं नाही, पाणी शोधून जगते. हायवेवरच्या झाडाला खाली जायला जमीन आहे, तुमच्या कुंडीतलीला चौदा इंचांवर प्लास्टिक लागतं, ती जाणार कुठे. म्हणून जमिनीतल्या कण्हेरीला पहिलं दीड-दोन वर्षं पाणी घालायचं आणि मग विसरायचं, कुंडीतलीला मात्र उन्हाळ्यात विसरून चालत नाही. पनवेलच्या मे महिन्यात तर एक दिवसाआड पाणी लागेलच.

बाकी पान बघा तिचं, जाड, चामड्यासारखं, वरून मेणचट. पानाच्या खालच्या बाजूला श्वास घ्यायची जी छिद्रं असतात ती उघड्यावर नसतात, बारीक खळग्यांत लपलेली असतात आणि त्या खळग्यांत केसांची लव असते, त्यामुळे गरम वारा थेट लागत नाही आणि पाणी कमी उडतं. कॉलेजात बॉटनी केलेल्यांना आठवेल, प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली कण्हेरीच्याच पानाची चकती ठेवायचे. शिवाय धूर, धूळ, खारा वारा सगळं चालतं, उंच वाढून समोरच्या गाडीचे दिवे अडवते, आणि जनावर तोंड लावत नाही. हायवेवाल्यांनी उगाच नाही निवडली.

आमच्या वाड्याच्या परसात आजेसासऱ्यांच्या वेळची पांढरी कण्हेर आहे, पंधराएक फूट उंच झालीये. खाली नुसते सोट, पानं-फुलं सगळी वर पत्र्यावर, पूजेला काठीने पाडावी लागतात. माळी म्हणतो बुंध्यापासून कापा, परत फुटेल. माझं मन होत नाही. काय करू?
– वाचक, कोल्हापूर

आधी एक गंमत सांगते, कण्हेरीला संस्कृतात करवीर म्हणतात, म्हणजे तुम्ही करवीरकर असून कण्हेरीला घाबरताय!

माळी खोटं बोलत नाहीये. जुनी कण्हेर गुडघ्याइतकी कापली तरी खालून धुमारे फुटतात. पण तुमचा जीव त्या झाडात आहे आणि एका दिवसात सगळं भुईसपाट केलं तर तुम्हाला चार महिने झोप लागणार नाही, म्हणून तीन वर्षांत करा. यंदा फेब्रुवारीत एकूण सोटांपैकी एक तृतीयांश, सगळ्यात जाडे आणि जुनाट असतील ते, जमिनीपासून दीड फुटावर करवतीने कापा. खालून नवे कोंब येतील, त्यातले जोमदार चार ठेवा, बाकीचे काढा. पुढच्या वर्षी दुसरा तृतीयांश, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेला. पूजेच्या फुलांचा खंड पडत नाही आणि तीन वर्षांनी झाड तुमच्या छातीइतकं, खालपासून भरलेलं. कापताना जो पांढरा चीक येतो तो अंगावर घेऊ नका. लांब बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. मी एकदा घाईत नुसत्या हातांनी छाटली, कोपरापर्यंत पुरळ उठलं आणि दोन दिवस खाजवत बसले. आमचे हे म्हणाले, मासिकात लिहितेस ना हातमोजे घाला म्हणून, ते स्वतः वाचतेस का. काय बोलणार.

आणि कापलेल्या फांद्या पेटवू नका. बंबात, चुलीत, शेकोटीत, कुठेच नाही. धूरसुद्धा घातक असतो.

घरात पहिलं नातवंड येतंय. अंगणात लाल कण्हेर आहे, फाटकाजवळच. सूनबाईंच्या आई म्हणाल्या झाड काढून टाका, विषारी आहे. मिस्टर म्हणतात आमच्या लहानपणीपण होतं, काही झालं नाही. कुणाचं ऐकू?
– वाचक, नाशिक रोड

विहीणबाईंचं बरोबर आहे, ते आधी सांगते. कण्हेर नखशिखांत विषारी. पान, फूल, साल, चीक, बी, मूळ, सगळं. तिच्यात ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात, ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. पान वाळलं तरी विष जात नाही, उकळलं तरी जात नाही. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं, संस्कृतात कण्हेरीचं दुसरं नाव अश्वमारक, घोडा मारणारी!

पण तुमच्या मिस्टरांचंही एक म्हणणं खरं आहे. झाड जवळ असल्याने, वास घेतल्याने, फूल तोडल्याने काही होत नाही, पोटात गेलं तर होतं. आणि चव इतकी कडू असते की बहुतेक मुलं तोंडात घालून लगेच थुंकतात. बहुतेक. हा शब्द दोनदा वाचा, कारण रांगणारं बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालून बघतं आणि त्याला कडू-गोडाची अक्कल यायला वेळ लागतो.

म्हणून माझं मत असं. झाड फाटकाजवळ आहे, म्हणजे येताजाता पानं-फुलं वाटेवर पडणार, बाळ तिथेच खेळणार. लहान असेल तर यंदाच्या पावसाळ्यात मुळासकट काढून मागच्या कुंपणाला लावा, मोठं असेल तर फांदी कटिंगने तिकडे लावून घ्या आणि हे काढा. पाच-सहा वर्षांनी पोराला कळायला लागलं की त्याला नाव आणि गुण दोन्ही शिकवा. हे न शिकवता नुसतं झाड काढलं तर उद्या बागेत, शाळेत, रस्त्यावर तीच कण्हेर उभी आहेच की.

आणि समजा कधी मुलाने पान चघळलंच, तर तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा आणि सरळ दवाखाना गाठा, जाताना ते पान किंवा फांदी पिशवीत घालून न्या म्हणजे डॉक्टरांना कळेल. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, दूध-तूप पाजणं, थोडा वेळ वाट बघू म्हणणं, यातलं काही करायचं नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, चक्कर, नाडी मंद किंवा वेडीवाकडी, अशी लक्षणं असतात आणि ती लगेच दिसतीलच असं नाही. कुत्रं-मांजर असेल तर त्यांनाही हेच लागू.

अजून एक, कण्हेरीच्या मुळीचा लेप, पानांचं तेल असे काढे-औषधांचे मेसेज फिरत असतात, त्याबद्दल तीन पत्रं आलीत. त्यांना एकच उत्तर: हे सदर बागेचं आहे, आणि तुमच्या जागी मी असते तर घरी करून बघितलं नसतं. वैद्य जे वापरतात ते शोधन करून, मापात. आपलं ते काम नाही.

कण्हेरीचं फूल देवाला चालतं ना? मग नैवेद्याच्या ताटावर ठेवलं तर चालेल का? आमच्याकडे यावरून वाद झाला.
– वाचक, डोंबिवली

देवाला चालतं, अगदी पूर्वीपासून. शंकराला पांढरी कण्हेर वाहतात, गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींमध्ये करवीरपत्र म्हणजे कण्हेरीचं पान असतंच. पण देवाच्या डोक्यावर वेगळं आणि शिऱ्यावर वेगळं. नैवेद्याच्या ताटात, प्रसादात, तीर्थाच्या भांड्यात कण्हेर टाकायची नाही. केरळात कण्हेरीला अरळी म्हणतात, तिथल्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये नैवेद्य आणि प्रसादात अरळीची फुलं वापरणं बंद केलं, एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेर असावी असा संशय आल्यावर. देवळं अरळीने सजवणाऱ्या लोकांनी हे ठरवलं, तर आपल्याला काय जड आहे. ताटावर तुळशीपत्र ठेवा, पूर्वापार तेच ठेवतात. फुलं काढून झाली की हात धुवा आणि मगच मोदकाला हात लावा. वाद मिटला असेल तर मला कळवा कोण जिंकलं ते.

मावशी, मी आठवीत आहे. आमच्या शाळेच्या कण्हेरीवर मोठी हिरवी अळी दिसली, डोक्याजवळ निळे डोळे होते, आम्ही घाबरलो. मित्र म्हणतो चावते. आणि एका फांदीवर चांदीचा थेंब लटकत होता, खरंच चांदीसारखा चमकत होता. ते काय असतं?
– वाचक, अहिल्यानगर

वा! या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र तुझं आहे.

ते डोळे नाहीतच मुळी. ते अळीच्या अंगावरचे डाग आहेत, पक्ष्याला वाटावं की हा कोणीतरी मोठा प्राणी बघतोय म्हणून. खरे डोळे बारीक असतात, डोक्यावर. शेपटीकडे छोटं शिंगासारखं पण असेल बघ. ती चावत नाही की डंख मारत नाही, आणि मोठी होऊन तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा सुंदर पतंग होतो, विमानासारखा दिसतो, संध्याकाळी फुलांवर उभ्या उभ्या उडतो. कोष करायच्या आधी ही अळी हिरव्याची तपकिरी होते आणि खाली उतरून पाचोळ्यात जाते.

आणि चांदीचा थेंब म्हणजे फुलपाखराचा कोष! काळपट तपकिरी पंखांचं आणि पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं एक फुलपाखरू असतं, ते कण्हेरीवर अंडी घालतं, त्याच्या अळीला पाठीवर शिंगांसारख्या लांब काळ्या दोऱ्या असतात. या दोन्ही अळ्या विषारी पानं खाऊन मजेत जगतात, आणि फुलपाखराची अळी तर ते विष अंगात साठवते, म्हणून मोठं झाल्यावर पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. आपल्याला जे विष ते त्यांचं चिलखत.

कोष तोडू नकोस, रोज मधल्या सुट्टीत जाऊन बघ. फुलपाखरू बाहेर यायच्या आदल्या दिवशी चांदी जाऊन तो काळा पडतो. आणि पानाला हात लावलास तर डबा खायच्या आधी साबणाने हात धू, हे मावशीचं ऐकायचं.

शाळेतल्या माळीकाकांना पण सांग की दोन-चार अळ्यांनी कण्हेरीचं काही बिघडत नाही, औषध मारू नका. पानं खाल्ली तर नवीन येतात.

शेंड्यांवर पिवळे किडे, इतके की शेंडा दिसत नाही. खाली फरशी चिकट. औषध कुठलं मारू?
– वाचक, सांगली

मावा आहे. कण्हेरीवरचा मावा पिवळाधमक, पाय काळे. यांच्यात नर जवळपास नसतातच, माद्याच पिल्लं घालत सुटतात, तीही थेट जिवंत, म्हणून आज दहा दिसले तर आठवड्यात शेंडा भरतो. चिकट आहे ती त्यांची साखर, तिच्यावर मग काळी काजळी धरते आणि मुंगळे येतात.

औषधाच्या दुकानात लगेच जाऊ नका. पाइपला बोट लावून जोराचा फवारा मारा, निम्मे गळून पडतात आणि परत चढत नाहीत. असं तीन दिवस. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा, उन्हात नको. लाल पाठीचे ठिपकेवाले ढालकिडे दिसले तर फवारा पण मारू नका, ते आणि त्यांची पिल्लं मावा खातातच. आणि युरिया देत असाल तर तो बंद, कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे माव्याला आमंत्रण. (कोथरूडकर, वाचताय ना?)

खोडावर तपकिरी खवले चिकटलेत असंही एकांनी इचलकरंजीहून लिहिलंय, ते खवले कीड. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि घासा. जर फांदीवर गाठी-गाठी, फुलकोबीसारखं काही आलं असेल तर तो जिवाणूंचा रोग, गाठीच्या चांगली वीतभर खाली कापा आणि प्रत्येक कापाला कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर तुम्हीच तो रोग फांदोफांदी पोचवाल.

फांदी लावून कण्हेर येते का? मी तीन वेळा लावली, तिन्ही वेळा काळी पडली.
– वाचक, चिपळूण

येते हो, कण्हेरीइतकी सोपी फांदी क्वचितच दुसरी कुठली. तुमच्याकडच्या पावसात मातीत लावली असणार आणि कुजली असणार. पेन्सिलीच्या जाडीची, धड कोवळी नाही धड जुनी नाही अशी वीतभर फांदी घ्या, पेऱ्याच्या खाली कापा, वरची चार-पाच पानं ठेवून तीही अर्धी कापा, बाकी काढा. चीक वाहायचा थांबला की बाटलीत पाणी घालून उभी करा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. मुळं दोन बोटं झाली की वाळूमिश्रित मातीत, आणि पावळीखाली नको.

एक सूचना मात्र डोळ्यांत तेल घालून पाळा. ही बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची नाही. कण्हेर ठेवलेलं पाणीही विषारी होतं आणि पारदर्शक बाटलीतलं पाणी कुणीही पाणी म्हणून उचलतं. गच्चीत ठेवा, जुनी रंगीत बाटली घ्या, काम झालं की पाणी मोरीत आणि बाटली कचऱ्यात.

शेंगेतल्या बियांनीही येते, त्या बियांना म्हातारीसारखे केस असतात, पण रोप आईसारखंच फुलेल याची खात्री नाही. डबल गुलाबी हवी असेल तर फांदीच लावा.

शेताला कण्हेरीचं कुंपण करावं म्हणतोय, शेळ्या फार त्रास देतात. पाणी कमी आहे. चालेल का?
– वाचक, सांगोला

चालेल, धावेल. जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनंतर चार-चार फुटांवर फूटभर खड्डे, थोडं शेणखत, पहिले दोन उन्हाळे आठवड्याला तांब्या-दोन तांबे पाणी. गुडघ्याइतकी झाली की शेंडे मारत राहा म्हणजे खालून दाट होते.

पण दादा, एक गोष्ट गांभीर्याने घ्या. उभ्या ओल्या झाडाला शेळी शक्यतो तोंड लावत नाही. धोका असतो तो छाटलेल्या, वाळलेल्या पाल्याचा. वाळला की कडूपणा तितका जाणवत नाही, विष मात्र तेवढंच राहतं, आणि तो पाला कडब्यात मिसळला की जनावर खाऊन जातं. म्हणून छाटणीच्या दिवशीच सगळा पाला गोळा करून खड्ड्यात पुरा, बांधावर टाकून ठेवू नका. आणि जनावरं पाणी पितात त्या हौदाच्या, गोठ्याच्या कडेला कण्हेर लावूच नका, तिथे दुसरं काहीतरी, करवंद लावा, काटेही आहेत आणि लोणचंही होतं.

पिवळी कण्हेर पण हीच ना? आमच्याकडे बिट्टी म्हणतात.
– वाचक, अमरावती

नाही. कूळ एक, झाड वेगळं. बिट्टी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, तिचं फूल पिवळं, घंटेसारखं, अर्धवट मिटलेलं, पानं एकेक करून येतात, आणि फळ हिरवं, जरा तिकोनी, आत टणक बी. कण्हेरीला असं फळ नसतं, तिला लांब शेंगा येतात. आम्ही लहानपणी त्या बिट्ट्यांनी खेळायचो, घासून गरम करून एकमेकींना चटके द्यायचो, आणि आता कळतं की तिची बी कण्हेरीइतकीच घातक आहे, तर अंगावर काटा येतो. छाटणी-पाणी सगळं कण्हेरीसारखंच, फक्त लहान मुलांच्या घरात फळं धरायच्या आधी फुलं उतरवून टाका.

आम्ही ह्युस्टनला राहतो. मागच्या अंगणात आईची आठवण म्हणून गुलाबी कण्हेर लावली होती. जानेवारीच्या गारठ्यात सगळी पानं तपकिरी झाली, काड्या राहिल्यात. नवरा म्हणतो उपटू. मला रडू येतंय.
– वाचक, ह्युस्टन, टेक्सास

उपटू नका! एप्रिल संपेपर्यंत हातही लावू नका.

तुम्ही कण्हेरीच्या माहेरात राहता हे तुमच्या मिस्टरांना सांगा. तुमच्यापासून तासाभरावर गॅल्व्हेस्टन आहे, त्या गावाला कण्हेरीचं शहर म्हणतात. १८४१ मध्ये जमैकाहून तिथे पहिली रोपं आली. १९०० च्या सप्टेंबरात मोठं वादळ झालं, समुद्राचं पाणी गावात शिरलं, माणसं हजारोंनी गेली, माती खारट झाली, आणि नंतर गाव परत उभं करताना लोकांनी रस्त्यांकडेला लावली ती कण्हेर, कारण खारट मातीत ती जगत होती. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तुमच्या ह्युस्टनला पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत गेला, तेव्हाही कण्हेरी जमिनीपर्यंत करपल्या आणि त्यातल्या पुष्कळशा खालून परत फुटल्या. आणि जपानात हिरोशिमाचं शहरफूल कण्हेर आहे, १९४५ च्या अणुबाँबनंतर तिथे जी फुलं आधी उमलली त्यात ती होती म्हणून.

तर करायचं एवढंच. एप्रिलमध्ये नखाने फांदीची साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर खाली खाली खरवडत जा आणि हिरवं लागेल तिथे कापा. कुठेच हिरवं नसेल तर जमिनीपासून चार बोटांवर कापा आणि मुळाशी पाणी सुरू ठेवा. मेपर्यंत कोंब यायला हवेत. फुलं यंदा उशिरा, कदाचित पुढच्या वर्षीच. पुढच्या थंडीत गारठ्याचा इशारा आला की बुंध्याशी वीतभर पाचोळा पसरा, वरचं जळलं तरी मूळ वाचतं. सप्टेंबरनंतर छाटणी आणि खत बंद, कारण कोवळी फूट आधी करपते. आणि कोंब आले की फोटो पाठवा, पुढच्या अंकात जास्वंदीच्या आधी तुमचाच फोटो लावते.